मलमचिकित्सा, गुह्यत्वचेची

जांघा, बाह्य जननेंद्रिये आणि गुदद्वाराभोवतीचा भाग यांवरील त्वचेचा विचार वैद्यकात स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत तिला गुह्यत्वचा म्हटले आहे. गजकर्ण, यीस्टवर्गीय कवकांचा संसर्ग, खरूज, इसब, घड्यांमधील सोरियासिस व लायकेन स्क्लेरोसस हे या त्वचेचे नेहमी आढळणारे विकार होत. यांपैकी बहुतेक विकारांचा लैंगिक संबंधांशी संबंध नसतो. तथापि लोकव्यवहारात या सर्वांची गणना ‘गुप्तरोग’ या एकाच सदरात होत आली. परिणामी रोगी वैद्याकडे जाण्यापूर्वी मलमाच्या डबीकडे वळतो. या डबीचा इतिहास जसा रोगमुक्तीचा आहे, तसाच तो मलमानेच केलेल्या अपायाचाही आहे.

गुह्यत्वचेचे वेगळेपण मोजमापाने सिद्ध झाले ते १९६७ मध्ये. फेल्डमन व मायबाख या अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून त्याचे किती शोषण होते हे तपासले. कोपर व मनगट यांमधील हाताच्या त्वचेतून होणारे शोषण १ मानल्यास तळहातावर ते ०·८, कपाळावर ६, जबड्याच्या कोनाशी १३ आणि वृषणकोशावर ४२ इतके भरले. म्हणजे जे मलम हातावर निरुपद्रवी ठरते, तेच येथे अनेक पटींनी तीव्र होते. शिवाय जांघेत दोन त्वचा एकमेकींवर टेकलेल्या असल्याने तेथील घाम वाळत नाही, घर्षण सतत चालू राहते आणि लावलेले औषध आपोआप झाकले जाऊन आणखी खोल शिरते. या कारणांमुळे गुह्यत्वचेसाठीची मलमे दोन प्रकारची मानावी लागतात. पहिली रोगकारणावर घाला घालणारी. दुसरी केवळ आधार देणारी : घर्षण कमी करणारी, ओल व मलमूत्र यांपासून त्वचेचे रक्षण करणारी, दाह शमविणारी. दुसऱ्या प्रकाराची ख्याती कधीच झाली नाही, कारण तिच्यात चमत्कार दाखविण्याजोगे काही नसते.

अतिरेकी लेपांमुळे होणाऱ्या अपायाची नोंद भारतीय वैद्यकात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील चौदावा अध्याय ‘शूकदोष’ या विषयास वाहिलेला आहे. शिश्नवृद्धीच्या इच्छेने शूक नावाच्या जलजंतूंचे दाहक लेप लावणाऱ्या पुरुषांना होणारे अठरा विकार त्यात सांगितले आहेत. मोहरीएवढ्या पुटकुळ्या येणारी सर्षपिका, त्वचा पिकून जाणारा त्वक्पाक, स्पर्शज्ञान नाहीसे करणारी स्पर्शहानी ही त्यांतील काही नावे. मांसार्बुद, मांसपाक, विद्रधी व तिलकालक हे चार असाध्य मानले आहेत. चिकित्सास्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्यांवरील उपचार येतात. औषधाने उत्पन्न केलेल्या त्वचारोगांना स्वतंत्र अध्याय देणारा हा ग्रंथकार आजच्या त्वचारोगतज्ञाला जवळचा वाटेल. गजकर्णाला संस्कृतात दद्रु म्हणतात. चरकाने त्याचा समावेश क्षुद्रकुष्ठांत केला, सुश्रुताने महाकुष्ठांत. ‘कुष्ठ’ या व्यापक संज्ञेखाली साध्या गजकर्णापासून महारोगापर्यंत सर्वच येत असल्याने या रोगाभोवती भीती व लाज यांचे वलय आधीपासूनच होते.

दद्रुनाशक वनस्पतींत चक्रमर्द म्हणजे आपला टाकळा प्रसिद्ध आहे. त्याचे दुसरे नावच दद्रुघ्न. आषाढात कोकणात व उल्हास नदीच्या खोऱ्यात रस्त्यांच्या कडेला तो आपोआप उगवतो, त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते आणि बिया वाटून गजकर्णावर लावतात. या बियांत क्रायसोफॅनिक अम्ल असते. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढील हकिकतीत ते एका वेगळ्याच मार्गाने पुन्हा येते. आधार देणाऱ्या लेपांत तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, म्हणजे शतधौत घृत, आणि कोकणातील कोकमतेल यांचा उल्लेख केला पाहिजे. कोकमतेल साध्या तापमानास घट्ट राहते व शरीराच्या उष्णतेने विरघळते. १८६८ मध्ये ई. जे. वेअरिंग यांनी संपादित केलेल्या फार्माकोपिया ऑफ इंडिया या ग्रंथानेही त्याची दखल घेतली. युरोपीय मलमांचा तत्कालीन पाया डुकराची चरबी हा होता. तो उष्ण हवेत टिकत नसे आणि येथील बहुसंख्य रोग्यांना धर्मदृष्ट्या वर्ज्य होता.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर उपदंश (सिफिलिस) भारतात पसरला. भावमिश्राच्या भावप्रकाशात त्याचे वर्णन ‘फिरंग’ या नावाने येते व त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि उभयात्मक असे तीन प्रकार केलेले दिसतात. पाऱ्याची संयुगे हा त्यावरचा मुख्य उपाय होता. युरोपातही पाऱ्याचे मलम अंगाला चोळण्याची चाल शतकानुशतके होती. दात हालणे, लाळ गळणे व मूत्रपिंडे निकामी होणे ही त्याची किंमत असे. या काळापासून गुह्यत्वचेवरील प्रत्येक व्रण वा चट्टा फिरंगाचाच असावा, असा संशय समाजमनात रुजला.

गोवा भुकटी : मराठी मुलुखाशी या विषयाचा सर्वांत जवळचा संबंध या औषधामुळे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या बाजारात पिवळसर, हवेत राहिल्यास तपकिरी होणारी एक कडू भुकटी गजकर्णावरील गुप्त औषध म्हणून विकली जाई. ती गोव्याहून येत असल्याने तिला गोवा पावडर हे नाव पडले. व्हिनेगर वा लिंबाच्या रसात कालवून ती चट्ट्यांवर लावीत. दमट हवेत जांघेत होणाऱ्या गजकर्णावर ती विशेष गुणकारी समजली जाई. या गजकर्णाला येथील इंग्रज ‘धोबीज इच’ म्हणजे धोब्याची खाज म्हणत. धोब्याने धुतलेल्या कपड्यांतून रोग येतो, ही समजूत त्यामागे होती. दूषित टॉवेल व अंतर्वस्त्रांतून संसर्ग पोहोचू शकतो हे खरे. परंतु बहुधा तो रोग्याच्या स्वतःच्याच पायांच्या बेचक्यांतून जांघेत येतो. घट्ट लोकरी पोशाखात घामाघूम होणाऱ्या साहेबाने दोष मात्र धोब्याच्या माथी मारला आणि तो शब्दकोशांत कायम झाला.

ही भुकटी कशापासून करतात हे विक्रेते सांगत नसत. बहुधा त्यांनाही ते ठाऊक नसावे. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी लंडनच्या औषधशास्त्रीय नियतकालिकात तिच्यावर टिपण लिहून विद्वानांचे लक्ष वेधले. (केम्प हे नाव मुंबईत आजही केम्प्स कॉर्नर या चौकामुळे परिचित आहे, एका औषधविक्रीच्या पेढीवरून ते चौकास मिळाले.) ही भुकटी दगडफुलासारख्या एखाद्या शैवाकापासून मिळत असावी, असाही तर्क त्या काळी झाला. दहा वर्षांनी, १८७४ मध्ये, भारतात दीर्घकाळ सेवा केलेले शल्यवैद्य जोसेफ फेरर यांनी लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात तिची माहिती दिली. तो अंक ब्राझीलमधील बाईया येथे पोहोचला आणि तेथील वैद्य जे. एफ. दा सिल्व्हा लीमा यांना वर्णन वाचताच उलगडा झाला. बाईयाच्या जंगलांतील ‘अरारोबा’ या नावाची जी भुकटी तेथील लोक त्वचारोगांवर वापरीत, तीच ही होती. पोर्तुगीज जहाजांतून ती लिस्बनमार्गे गोव्यास व गोव्याहून मुंबईस येई. अशा रीतीने ज्या औषधाला जग गोव्याचे समजत होते, ते अटलांटिक महासागराच्या पलीकडचे निघाले.

अरारोबाचा वृक्ष शिंबावंत कुलातील असून त्याचे शास्त्रीय नाव व्हाटायरिओप्सिस अरारोबा असे आहे. जुन्या वृक्षाच्या खोडातील भेगांत व पोकळ्यांत ही भुकटी साठते. झाड तोडून, खोड फोडून ती खरवडून काढतात. हे काम करणाऱ्या मजुरांचे डोळे व चेहरे सुजून लाल होत. या एका गोष्टीवरून भुकटीच्या दाहकतेची कल्पना यावी. १८७५ मध्ये जॉन ॲटफील्ड यांनी तिचे रासायनिक विश्लेषण करून तिच्यात फार मोठ्या प्रमाणावर क्रायसोफॅनिक अम्ल असल्याचे जाहीर केले. पुढे १८७८ मध्ये लीबरमान व झाइडलर यांनी दाखविले की, मूळ द्रव्य वेगळे असून त्याच्या ऑक्सिडीकरणाने हे अम्ल बनते. त्या द्रव्याला क्रायसारोबिन म्हणू लागले. टाकळ्याच्या बियांतील द्रव्य आणि बाईयाच्या वृक्षातील द्रव्य असे एकाच रासायनिक घराण्यातील ठरले. घराच्या कुंपणाशी त्याचा भाऊबंद उगवत असता मुंबईकर समुद्रापलीकडून आलेल्या भुकटीला पैसे मोजत होते. शक्तीच्या दृष्टीने मात्र दोहोंची तुलना होत नाही.

क्रायसारोबिनचे मलम लवकरच औषधकोशांत दाखल झाले. त्याची खरी कीर्ती मात्र एका चुकीतून झाली. लंडनचे त्वचारोगतज्ञ बालमॅनो स्क्वायर यांच्या एका रोग्याने आपला रोग गजकर्णच असल्याचे समजून गोवा भुकटी लावली. रोग प्रत्यक्षात सोरियासिस होता आणि तो बरा होऊ लागला. स्क्वायर यांनी १८७६ पासून या उपचाराचा प्रसार केला. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा पुरवठा तुटल्यावर जर्मनीत त्यासारखेच कृत्रिम संयुग तयार करण्यात आले. १९१६ मध्ये गालेव्हस्की व उन्ना यांनी त्याचे उपयोग वर्णिले. तेच डिथ्रॅनॉल. सोरियासिसवर ते पुढे अनेक दशके वापरात राहिले. मूळ भुकटी व हे संयुग या दोहोंबाबत एक इशारा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असे : चेहरा, सांध्यांच्या घड्या आणि जननेंद्रिये यांवर लावू नये. डोळ्यांस हात लागल्यास दाह होई, अधिक प्रमाणात शोषण झाल्यास मूत्रपिंडांस इजा पोहोचे आणि कपड्यांवर पडलेले डाग निघत नसत. ज्या जांघेतील खाजेसाठी ही भुकटी घरोघर घेतली जाई, तिच्या नाजूक त्वचेलाच तिचा सर्वाधिक धोका होता. डबीवर हे कोणी लिहीत नसे.

मलमाच्या पायाचा विकास याच काळातला. रॉबर्ट चीझब्रो यांनी १८७२ मध्ये अमेरिकेत व्हॅसलीनचे एकस्व (पेटंट) घेतले आणि न सडणारा, कोणत्याही धर्माच्या रोग्यास चालणारा पाया प्रथमच उपलब्ध झाला. १८८२ मध्ये लोकरीपासून मिळणारे लॅनोलीन आले. बर्लिनचे ओस्कार लासार यांनी व्हॅसलीनमध्ये झिंक ऑक्साइड व पिष्ठ (स्टार्च) मिसळून घट्ट लेप बनविला. तो त्वचेवर जागच्या जागी राहतो, ओल शोषून घेतो व घर्षण थांबवितो. तान्ह्या मुलांच्या लंगोटामुळे होणाऱ्या पुरळावर आज वापरात असलेली पांढरी मलमे याच कुळातील आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये आर्थर व्हिटफील्ड यांनी बेंझॉइक व सॅलिसिलिक अम्लांचे मलम गजकर्णासाठी प्रचारात आणले. ६ टक्के व ३ टक्के हे त्याचे रूढ प्रमाण. स्वस्त व टिकाऊ असल्याने ते सरकारी दवाखान्यांत दीर्घकाळ दिले गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही समाविष्ट झाले. मात्र वृषणकोशावर ते झोंबते व साल काढते. व्हिटफील्ड मलम जांघेत चोळून रात्रभर पंख्यासमोर बसलेल्या माणसाची गोष्ट जुन्या डॉक्टरांच्या गप्पांत हमखास निघे.

मुंबईत त्वचारोग व गुप्तरोग या शाखा एकत्रच वाढल्या. १९३५ मध्ये यू. बी. नारायण राव यांनी येथून गुप्तरोगविषयक इंग्रजी नियतकालिक सुरू केले. पुढे त्याच्या नावात त्वचाविज्ञानाचाही समावेश झाला. व्यावसायिक सोय म्हणून ही जोडी योग्य होती, परंतु ‘त्वचा व गुप्तरोग’ अशी पाटी वाचून जांघेतील साध्या गजकर्णाचा रोगी दाराशीच थबकत असे. रेल्वेच्या डब्यांत व रुळांकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ दूर करणाऱ्या हकीम-वैद्यांच्या जाहिराती मात्र त्याला न लाजता वाचता येत. अशा जाहिरातींना आळा घालणारा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ मध्ये संमत झाला. भिंतींवरून तो फारसा जाणवला नाही.

स्टेरॉइड मलमे : १९५२ मध्ये सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसब शमतो हे दाखविले आणि मलमचिकित्सेचे नवे युग सुरू झाले. नंतरच्या दोन दशकांत बीटामेथासोन, क्लोबीटासॉल अशी कितीतरी पट प्रभावी स्टेरॉइडे आली. योग्य जागी ही औषधे अमोल आहेत. लायकेन स्क्लेरोसस या विकारात जननेंद्रियांची त्वचा पांढरी, कडक व आक्रसलेली होते आणि क्वचित त्यातून कर्करोग उद्‌भवतो. त्यावर क्लोबीटासॉलचे मलम, तज्ञाच्या देखरेखीखाली, हाच आज मुख्य उपचार आहे. त्यामुळे गुह्यत्वचेवर स्टेरॉइड मुळीच लावू नये, असे म्हणणे बरोबर नाही. गजकर्णावर मात्र ते विपरीत ठरते. खाज व लाली दोन दिवसांत थांबतात, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने कवक निर्वेध पसरते. चट्ट्याची ओळखीची कड नाहीशी होते आणि रोगनिदान अवघड बनते. आयव्ह व मार्क्स यांनी १९६८ मध्ये या स्थितीला ‘टिनिया इनकॉग्निटो’ म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण असे समर्पक नाव दिले. मलम थांबविताच खाज दुप्पट जोराने परत येते, म्हणून रोगी दुसरी नळी आणतो. काही महिन्यांनी जांघेतील त्वचा कागदासारखी पातळ होते व तिच्यावर गर्भिणीच्या पोटावर दिसतात तशा रेषा उमटतात. या रेषा पुसल्या जात नाहीत.

भारतात स्टेरॉइड, कवकनाशक व प्रतिजैव अशी तीन-चार औषधे एकाच नळीत घालून विकण्याची प्रथा पडली आणि दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांचा खप वाढला. २०१० नंतरच्या दशकात देशभर गजकर्णाची जी चिवट साथ आली, तिच्यामागे हे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ञांचे मत आहे. साथीला पोषक परिस्थिती कशी असते ते मुंबईच्या उपनगरी पट्ट्यावरून समजते. कात्रप हा कुळगाव-बदलापूर नगरपालिकेच्या हद्दीतील, एकेकाळी खेडे असलेला भाग. बदलापूर स्थानक मुंबईपासून सु. ६८ किमी. अंतरावर आहे. येथील व शेजारच्या अंबरनाथ, उल्हासनगरमधील नोकरदार पावसाळ्याचे चार महिने ओलसर कपड्यांत, खच्चून भरलेल्या गाडीत उभ्याने प्रवास करतात. उल्हासनगर जीन्सच्या कपड्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. जाड, घट्ट व लवकर न वाळणारी जीन्स जांघेतील गजकर्णाला पोषक असल्याचे डॉक्टर नेहमी बजावतात. एका खोलीत राहणारे कुटुंब, सामायिक टॉवेल, दोरीवर अर्धवट वाळलेले अंतर्वस्त्र आणि स्थानकाबाहेर रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले औषधाचे दुकान ही साखळी येथे पूर्ण होते. दुकानात ‘खाजेचे काहीतरी द्या’ एवढेच हळूच सांगितले जाते. जागा कोणती, ते ग्राहक सांगत नाही व दुकानदार विचारत नाही.

अशा रोग्याला आधार देणारी चिकित्सा साधी असते. जांघ कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी. सुती, सैल कपडे वापरावेत व ते उन्हात वाळवावेत किंवा इस्त्री करावेत. टॉवेल वेगळा ठेवावा. घड्यांत चिकट मलमापेक्षा पातळ क्रीम बरे, कारण मलमाने ओल कोंडते. उलट मलमूत्राच्या संपर्काने सोललेल्या कोरड्या त्वचेला झिंक ऑक्साइडचे वा साध्या व्हॅसलीनचे मलमच उपयोगी पडते. जंतुनाशक द्रव, लसणाचा रस, चुना, बॅटरीतील भुकटी असले घरगुती उपाय या जागी भाजल्याच्या जखमा करतात. कवकनाशक औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे लागते. घरातील सर्व बाधित व्यक्तींवर एकाच वेळी उपचार केले नाहीत, तर रोग घरातच फिरत राहतो. सासू, सून, मुले या सर्वांनी एकाच डॉक्टरसमोर या तक्रारीबद्दल बोलणे हा चिकित्सेतील सर्वांत कठीण भाग ठरतो.

भारतीय त्वचारोगतज्ञांच्या संघटनेने स्टेरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिदल नेमून शासनाकडे पाठपुरावा केला. २०१६ मध्ये केंद्र शासनाने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. न्यायालयीन वादानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली, तीत काही स्टेरॉइडयुक्त क्रीमेही होती. त्याच वर्षी १४ स्टेरॉइडांची त्वचेवर लावावयाची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई करण्यात आली.

दरम्यान कवकानेही रूप बदलले. भारतातील व नेपाळमधील रोग्यांपासून जपानमध्ये मिळविलेल्या नमुन्यांचा अभ्यास करून कानो व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए ही नवी जाती वर्णिली. तिच्यातील अनेक वाणांत एका जनुकाच्या उत्परिवर्तनामुळे टर्बिनाफीन या प्रमुख औषधाचा परिणाम होत नाही. जांघा, नितंब व जननेंद्रिये ही तिची आवडती स्थाने आहेत. युरोपातील अनेक देशांत ती आढळली असून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन रोग्यांत तिची नोंद झाली. त्यांपैकी एका स्त्रीने परदेशप्रवास केलेलाच नव्हता.